पंचमचक्रगृहविन्यासमीमांसा

१. उपोद्घात

वास्तुशास्त्राने प्रासादाचा विचार केला, देवालयाचा केला, नगररचनेचाही केला. परंतु जे घर दिवसा महामार्गावरून धावते आणि सायंकाळी पुन्हा गृहत्व पावते, त्याच्या अंतर्विन्यासाची मीमांसा अद्याप अलिखित आहे. अमेरिकेत ‘फिफ्थ व्हील’ या संज्ञेने रूढ असलेले ट्रेलरगृह निवडताना गृहस्थ रंग, किंमत व सवलत यांचा सांगोपांग ऊहापोह करतो आणि फ्लोअर प्लॅन मात्र विक्रेत्याच्या भरवशावर सोडतो. ही उणीव दूर करणे, हे प्रस्तुत प्रकरणाचे प्रयोजन होय.

या शास्त्राचा अधिकारी कोण? ज्याच्याकडे भारक्षम पिकअप ट्रक आहे, जो सेवानिवृत्त आहे आणि ज्याने सबंध हिवाळा सपत्नीक ॲरिझोनात किंवा टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात घालवण्याचा संकल्प सोडला आहे, तो. शनिवार-रविवारपुरते तळ ठोकणारे येथे अधिकारी नव्हेत. दोन दिवसांत आराखड्याचे दोष प्रकट होत नाहीत, स्वभावाचेही होत नाहीत.

२. लक्षण

ज्याचा उंचावलेला अग्रभाग ट्रकच्या हौद्यावर आरूढ होऊन तेथेच जखडला जातो, ते पंचमचक्रगृह. मागील कडीस अडकवलेल्या सामान्य ट्रेलरवर या लक्षणाची अतिव्याप्ती होत नाही. घोडे वाहणाऱ्या ट्रेलरवर होऊ शकते; म्हणून ‘मनुष्यप्रधान’ हे विशेषण जोडावे. रुंदी साडेआठ फुटांपर्यंत, लांबी साधारण २५ ते ४० फूट, उंची १३ फुटांच्या आसपास. एकूण भाराचा १५ ते २५ टक्के अंश ट्रक स्वतःच्या पाठीवर घेतो, उर्वरित भार ट्रेलरची चाके वाहतात.

विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात ‘एरोकार’ नावाचे शकटगृह घडवले. ओढणाऱ्या मोटारीत आडव्या बसवलेल्या टायरमध्ये त्याची जोडणी होत असे. त्यांना या परंपरेचे आद्याचार्य मानावे. विमानाकडून शकटगृहाकडे झालेला त्यांचा प्रवास ज्ञानाच्या स्वाभाविक क्रमास अनुसरूनच होता. आज ही गृहे मोठ्या संख्येने इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात बांधली जातात. अतः ते या शास्त्राचे पीठ होय.

३. अवस्थाद्वय

पंचमचक्रगृहास दोन अवस्था असतात. भिंतीतून बाहेर सरकणारे कोष्ठ, ज्यांस ‘स्लाइड-आउट’ म्हणतात, ते बाहेर असता विकासावस्था; आत ओढले असता संकोचावस्था. विक्रेता केवळ विकासावस्थेचे दर्शन घडवतो. महामार्गावरील विश्रांतिस्थळी मात्र गृहस्थास संकोचावस्थाच लाभते. तिचे चार प्रकार:

(क) सर्वगम्य: शय्या, फ्रिज व शौचालय तिन्ही गाठता येतात. दुर्मीळ.

(ख) शीतपेटीरोधक: फ्रिजचे दार वितभर उघडते. आतील दही दिसते, हाती येत नाही.

(ग) शौचरोधक: मार्गात सोफा आडवा येतो.

(घ) सर्वरोधक: दारातून केवळ शिर आत जाते.

आयुर्वेदाने वेगधारण निषिद्ध मानले आहे. यास्तव (ग) व (घ) प्रकार आरोग्यशास्त्रदृष्ट्याही त्याज्य ठरतात.

४. विन्यासभेद

आराखड्यांचे मुख्य भेद सहा.

(१) पश्चादासन. बैठक मागील टोकास, शयनगृह पुढे हौद्यावरील उंचवट्यात. मागे विस्तीर्ण काच. ट्रेलर तळावर मागे घेत उभा केला की काचेतून अरण्य दिसते. ट्रेलरतळ दाटीचा असल्यास दुसऱ्या पश्चादासनवाद्याची काच दिसते आणि दोन्ही पक्षांत मूक परिचय प्रस्थापित होतो.

(२) पश्चात्पाक. स्वयंपाकघर मागील टोकास. ओटा प्रशस्त. परंतु चाकांच्या मागील भागास हिसके अधिक बसतात. म्हणून मुक्कामी पोचल्यावर कपाटाचे दार प्रथम किंचित किलकिले करावे, बरण्यांचा मनोदय जाणून घ्यावा आणि मगच पूर्ण उघडावे.

(३) अग्रासन. बैठक उंचवट्यावर, शयनगृह मागे. पायऱ्या चढून बसावे लागत असल्याने बसण्यास प्रतिष्ठा येते. या संप्रदायाचे अनुयायी गुडघ्यांच्या वयानुसार घटत जातात.

(४) मध्यकोष्ठ. मधोमध एक बंदिस्त खोली. विक्रेता तिला कार्यालय म्हणतो, गृहस्थ अभ्यासिका म्हणतो, गृहिणी अडगळीची खोली म्हणते. तिन्ही मते प्रमाण आहेत.

(५) शय्यासंचय. नातवंडांसाठी एकावर एक रचलेल्या शय्या. नातवंडे वर्षातून एक आठवडा येतात. शेष काळात तेथे घडीच्या खुर्च्या निद्रा घेतात.

(६) वाहनगर्भ. मागील भागी मोटरसायकलीसाठी गॅरेज. त्याचे उतरते दार आडवे टांगले असता सज्जा होतो. पेट्रोलच्या गंधाविषयी दोन मते आहेत आणि ती बहुधा एकाच दांपत्यात आढळतात.

५. संप्रदायविवाद

टीव्हीच्या स्थानावरून दोन संप्रदाय संभवतात. संमुखवादी म्हणतात, आसन व टीव्ही परस्परांसमोर असावेत. तिर्यग्वादी भिंतीची उपलब्धता प्रधान मानून टीव्ही काटकोनात बसवतात व मान वळवणे हा व्यायाम समजतात. एका हिवाळ्यानंतर तिर्यग्वाद्यांची मान एकाच दिशेस वळलेली आढळल्यास संप्रदायाची ओळख पटवणे सुकर होते.

शय्येच्या दिशेचा प्रश्न अधिक गहन आहे. ट्रेलरच्या लांबीस समांतर शय्येला ‘उत्तर-दक्षिण’ व आडव्या शय्येला ‘पूर्व-पश्चिम’ म्हणण्याचा तेथील जाणकारांत प्रघात आहे. येथे महाराष्ट्रीय वाचकास शंका येईल की, उत्तरेस डोके करून निजणे आपल्याकडे वर्ज्य. मग उत्तर-दक्षिण शय्या ग्राह्य कशी? समाधान असे: ही उत्तर पृथ्वीची नव्हे, ट्रेलरची आहे. पृथ्वीची दिशा तळ मिळेपर्यंत अनिश्चित राहते. म्हणून दोष घडलाच तर तो तळ नेमून देणाऱ्या कर्मचाऱ्यास लागतो, निद्रिस्तास नव्हे.

६. वियोगमान

आता या शास्त्राचे मूलतत्त्व सांगतो. आराखड्याचे प्रयोजन एकत्र राहणे हे नसून, एकत्र राहत असता दूर होता येणे हे आहे. हा सिद्धान्त मोजता यावा म्हणून ‘वियोगमान’ ही राशी कल्पिली आहे. व्याख्या: दोन सहनिवाशांमध्ये साध्य होणारे महत्तम अंतर, फुटांत, गुणिले त्या दोहोंमधील बंद होणाऱ्या दारांची संख्या. एकक: दारफूट.

समजा, पश्चादासन आराखड्यात एक जण पुढील शय्येवर व दुसरा मागील आरामखुर्चीत आहे. अंतर ३० फूट, दार एक. वियोगमान ३० दारफूट. मध्यकोष्ठात अंतर केवळ १८ फूट, परंतु दारे दोन, वियोगमान ३६. सबब लहान अंतराचा मध्यकोष्ठ श्रेष्ठ ठरतो. सरकत्या पडद्यास दार मानावे काय? मानू नये. पडद्याआडून घोरणे ऐकू येते आणि उसासाही.

पूर्वपक्ष: तळाबाहेर अनंत वाळवंट पसरलेले असता वियोगाची चिंता कशाला? उत्तरपक्ष: पाऊस पडतो. वारा सुटतो. डिसेंबरात ॲरिझोनाचा सूर्य सहाच्या आत मावळतो आणि निद्रेची वेळ दहाची असते. मधल्या चार तासांत वाळवंट उपयोगी पडत नाही. हा उत्तरपक्षच सिद्धान्त होय.

७. जल व विद्युत् यांचा संक्षेप

टाक्या तीन प्रकारच्या: शुद्धजल, धूसरजल (स्नान व भांडी), कृष्णजल (अवशिष्ट). एक गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे ६० गॅलन पाणी भरताच सुमारे ५०० पौंड भार वाढतो. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा येथील शासकीय भूमीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल दीर्घ मुक्काम करता येतो. परंतु तेथे प्रत्येक तळास नळ व वीज नाही. तेथे बव्हंशी धूसरजलाची टाकी प्रथम भरते आणि स्नानाचे तत्त्वज्ञान बदलते. ५० अँपिअरची जोडणी दोन वातानुकूलन यंत्रे पेलते; ३० अँपिअरवर एक यंत्र व मायक्रोवेव्ह यांत निवड करावी लागते.

लांबीचा लोभ धरणाऱ्याने स्मरणात ठेवावे की, मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या ‘गोइंग-टू-द-सन’ मार्गाच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहनांस मज्जाव आहे. तेथे ट्रेलर तळावर ठेवून जावे लागते. काही दांपत्यांत या निमित्ताने एक जण ट्रेलरपाशीच थांबतो व त्या दिवसाचे वियोगमान मोजदादीपलीकडे जाते.

८. परीक्षाविधी

खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या आवारात पुढील कर्मे क्रमाने करावीत.

एक: सर्व स्लाइड-आउट आत घेण्यास सांगून मग प्रवेश करावा.

दोन: शौचालयाचे दार लावून पादत्राणांसह आसनस्थ व्हावे. गुडघे भिंतीस टेकल्यास उठावे व दुसऱ्या ट्रेलरकडे जावे.

तीन: न्हाणीत उभे राहून केस धुण्याचा अभिनय करावा. कोपर कितीदा आपटले ते लिहून ठेवावे.

चार: दोघांनी शय्येवर पडावे. आतील व्यक्तीने बाहेरच्या व्यक्तीस न ओलांडता उतरून दाखवावे.

पाच: एकाने एका टोकास व दुसऱ्याने दुसऱ्या टोकास तासभर मौन बसावे. विक्रेता घड्याळाकडे पाहील. त्याचे घड्याळ प्रमाण मानू नये. पाचही कर्मांत जो आराखडा टिकेल आणि ज्याचे वियोगमान सर्वाधिक असेल, तो घ्यावा. दोन आराखडे समसमान ठरल्यास गृहिणीस विचारावे. तिने निर्णय पहिल्याच दिवशी घेतलेला असतो.

९. फलश्रुती

जो हे प्रकरण एकाग्रचित्ताने पठण करील, त्यास समतल तळ मिळेल. ज्याचे पठण नित्य घडेल, त्यास मागे न घेता सरळ शिरता येईल असा तळ मिळेल. पत्नीसह पठण करणाऱ्यास ५० अँपिअरची जोडणी व जनरेटररहित शेजारी प्राप्त होतील. आणि जो दोन दारांआड, एकटाच, मोठ्याने पठण करील, त्यास कोणीही थांबवणार नाही.