कच्च्या मडक्याची कैफियत

आषाढ वद्य एकादशीस, पंढरीहून परतलेला वारकरी नरसी नामदेवास येऊन दर्शन घेतो आणि मगच आपली वारी पुरी झाली असे मानतो; या परिपाठास आमच्या हिंगोलीकडे परतवारी म्हणतात. अशाच एका परतवारीस, कयाधूच्या काठी उभारलेल्या एका मंडपात, 'व्यक्तिवाद : समाजास लागलेली कीड' या विषयावरील व्याख्यान श्रवण करण्याचा योग आम्हांस आला. वक्ते सेवानिवृत्त अधिकारी होते. त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ असा की, व्यक्तिवाद हा निव्वळ विलायती माल असून मिल्ल व स्पेन्सर या दोन साहेबांनी तो इकडे रवाना केला, आणि मी, माझे पोट व माझी मोटार यांपलीकडे त्यास अर्थ नाही. व्याख्यान आटोपल्यावर वक्त्यांची मोटार मंडपाच्या तोंडाशी आणता यावी म्हणून एका दिंडीस दहा मिनिटे चिखलात उभे करण्यात आले. दिंडीने ते समाजहितार्थ सोसले.

या फिर्यादीस आमचा पहिला जबाब असा की, फिर्यादीने जागा चुकीची निवडली. ज्या देवळाकडे पाठ करून ते बोलत होते ते एका शिंप्याच्या मुलाचे. आणि त्या मुलाच्या चरित्रात हा सारा विलायती माल, मिल्ल जन्मण्याच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी, जागच्या जागी पडलेला आढळतो. कथा सर्वश्रुत आहे. गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी थापटणे हाती घेतले आणि मडकी पारखावीत तसे एकेकाच्या डोक्यावर थाप मारीत ते पुढे सरकले. सर्वांनी ती मुकाट सोसली, आणि नामदेवांची पाळी येताच त्यांनी मात्र, हे काय चालविले आहे, म्हणून हरकत घेतली. निकाल तत्काळ लागला : मडके कच्चे. परंपरा या हरकतीस अहंकार म्हणते, आणि परंपरेशी कज्जा मांडण्याची आमची ऐपत नाही. तथापि आपले डोके कोणी व कोणत्या अधिकाराने ठोकावे, एवढे विचारणारा एकच इसम त्या बैठकीत होता, ही नोंद दफ्तरी राहावी असा आमचा नम्र आग्रह आहे.

बरे, या कच्च्या मडक्याने पुढे केले काय? निषेधसभा भरविली नाही, कच्च्या मडक्यांचा महासंघ काढला नाही, की पक्केपणाच्या दाखल्यासाठी कोठे अर्ज गुदरला नाही. उणीव आपली, तर ती भरून काढण्याची यातायातही आपलीच, अशा हिशेबाने ते औंढ्यास गेले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय टाकून खुशाल पहुडलेले. पाय काढा म्हणताच, जेथे देव नसेल तेथे तूच उचलून ठेव, असा हुकूम त्यांनी दिला, आणि तशी जागा काही नामदेवांना सापडेना. अशा विसोबांना आज कोणत्या निवडसमितीने गुरुपदी रुजू करून घेतले असते? भावना दुखावल्याच्या फिर्यादीवर त्यांच्याकडून मुचलका मात्र तातडीने लिहून घेतला गेला असता. वक्त्यांच्या ध्यानी एवढीच गोष्ट आली नाही, की अहंकार टाकावयाचा झाला तरी तो ज्याचा त्यानेच टाकावा लागतो. ठराव करून दुसऱ्याचा टाकता येत नाही.

याच औंढ्यास नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करावयास लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. देऊळ फिरले; मंडळी फिरल्याचा उल्लेख आमच्या वाचनात नाही. पुढे ते पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहेबांत समाविष्ट झाली. आज पंजाबातून शीख यात्रेकरू नरसीस येतात आणि येथे गुरुद्वाराही आहे. एकेकाळी ज्यास मागे बसविले, त्याचा जन्म नेमका कोठला, याविषयी विद्वानांत आता हक्काचा वाद आहे.

संतांचे निराळे, असे कोणी म्हणेल; तर आगरकर घ्या, ज्यांनी मिल्ल आणि स्पेन्सर खरोखरच वाचले होते. या आप्पलपोट्या तत्त्वज्ञानाचा त्यांच्यावर असा विपरीत परिणाम झाला की, एम. ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी, मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आपल्या आईस कळविले, आणि 1888 साली 'सुधारक' काढून उरलीसुरली लोकप्रियताही घालविली. पुण्याच्या समाजाने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती अर्थातच सामुदायिक होती. खांदेकरी एकट्याने होता येत नाही. 17 जून 1895 रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते खरोखरच वारले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले निघाले, असे सांगतात. स्वार्थ याहून पुढे जाऊ शकेल असे आम्हांस वाटत नाही.

आता समाजवृत्तीचा एक मासला. आमच्या भागातील एका गावच्या ग्रामसभेस (गावाचे नाव सांगत नाही; सांगितल्यास इतर गावांवर अन्याय होईल) आम्ही हजर होतो. प्रोसिडिंग बुकात पाणीपुरवठ्याचे काम पूर्ण झाल्याचा ठराव आधीच लिहून तयार होता, खाली सह्यांकरिता जागा सोडली होती, आणि शाईचे पॅड फिरत फिरत मागच्या रांगेतल्या एका म्हातारीपाशी आले. तिने अंगठा पदराआड घेतला आणि विचारले, "नळ बसिवला ते खरं हाय बाबा, पर पानी कुटं हाय?" सभा हसली. गावाच्या एकीत असा खोडा घालणे बरे नव्हे, असे कोणीसे तिला समजाविले, शेजारणीने कोपराने ढोसले, आणि पॅड पुढे गेले.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. म्हातारीचा अंगठा त्यावर नाही, आणि नळाला अद्याप पाणी नाही.