वाळवंटाचा पायलट लॉट

पिंपरी-चिंचवडचा माणूस सहलीला निघायचं म्हणाला की बॅग काढत नाही, एक्सेल उघडतो. यात त्याचा दोष नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, इथल्या माळावर शेडमागून शेड उभी राहिली आणि तेव्हापासून आम्ही भोंग्यावर उठतो, पाळीवर जेवतो. अशा गावात ‘चल रे, बघू काय होतंय ते’ म्हणणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही.

आम्ही चौघं. आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नाही, खात्यानं मारतात. क्यूसी चाकणला एका कंपनीत तपासणीला आहे. पर्चेस तळवड्याला खरेदी खात्यात. शेठचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, म्हणजे दोन वेल्डिंग मशीन, एक पॉवर प्रेस आणि बाजारात अडकलेली उधारी. मी पीपीसीत, म्हणजे कोणीही पाळत नाही असं उत्पादनाचं वेळापत्रक रोज नव्यानं लावणारा. शेठची सुट्टी गुरुवारी, आमची रविवारी. त्यामुळे चौघांची मीटिंग भरवायची तर कुणाला तरी ताप येणं भाग असायचं.

वाळवंटाचं खूळ क्यूसीनं आणलं. त्यानं केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेतली. गाडी २०२० मध्ये भारतात आली. घराणं ऑस्ट्रियाचं, पण जन्म चाकणचा, बजाजच्या कारखान्यातला. २००१ पासून २०१९ पर्यंत डकार रॅली जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तेव्हा मोटरसायकलींत केटीएमच पहिली आली, हे क्यूसी लग्नाच्या पंगतीतही सांगतो. त्या डकारच्या गाड्या काही चाकणहून जात नाहीत. पण भावकीतला मोठेपणा कुणी फार तपासत नाही. “असली गाडी घेऊन मी रोज तळेगाव चौकात कंटेनरच्या मागं उभा राहतो,” तो म्हणाला, “गाडीला काय वाटत असेल?”

गाडीला काय वाटत असेल, या प्रश्नावर भोसरीचा माणूस हळवा होतो. शेठनं तिथल्या तिथं होकार दिला.

जागा ठरली डेझर्ट नॅशनल पार्क. जैसलमेर आणि बाडमेर मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचा पसारा. महिना जानेवारी, म्हणजे दिवसा ऊन सोसवेल आणि रात्री दात वाजतील. रस्ता सोडून वाळूतून गाड्या घालायच्या, दिवस मावळेल तिथं तंबू ठोकायचा, वर चांदणं. इतकं सगळं एका चहात ठरलं. पुढचे चहा मोजण्यात अर्थ नाही.

पर्चेसनं सवयीनं रस्त्याचीही तीन कोटेशनं मागवली. पहिलं, मुंबई-सुरत-अहमदाबाद, पण एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुन्या हायवेनं खंडाळ्याचा घाट उतरा आणि पुढं मुंबईच्या तोंडावर अडका. दुसरं, नाशिक-सापुतारा करत गुजरातेत उतरायचं. तिसरं, गाड्या रेल्वेच्या पार्सलनं जोधपूरला पाठवायच्या. तिसरं सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचं होतं, म्हणून क्यूसीला तो अपमान वाटला. नाशिकचा रस्ता पास झाला. तो चाकणमधूनच जातो, तेव्हा कंपन्यांच्या बसा सुटायच्या आत, पहाटे चारला चाकण ओलांडायचं, अशी अट मी वेळापत्रकात तांबड्या अक्षरात घातली. थरच्या वाळवंटासाठी अशी एकही तांबडी अट नव्हती.

सामान बांधायचे स्टँड विकत मिळतात. पण भोसरीत शेठ असताना विकत घेणं म्हणजे आंब्याच्या बागेत राहून मँगो ज्यूस आणण्यासारखं. शेठनं स्वतः ड्रॉइंग काढलं. त्याचं तत्त्व एकच: वरून ट्रक गेला तरी वाकता कामा नये. पाइप वापरायचा तिथं अँगल, अँगल चालला असता तिथं चॅनेल. वर काळं पावडर कोटिंग. स्टँड इतका भक्कम झाला की त्याचंच वजन सामानापेक्षा जास्त भरलं. क्यूसीनं खिशातून व्हर्निअर काढला.

“हे होल अर्ध्या मिलिमीटरनं बाहेर आहे.”

“डेव्हिएशन घे ना भावा. वाळवंटात अर्धा मिलिमीटर कोण मोजणार?”

“मी.”

स्टँड रिजेक्ट झाला. शेठ दोन दिवस क्यूसीशी बोलला नाही.

मग एफएमईए भरायला बसलो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची आणि प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे. किती गंभीर, किती वेळा घडेल, आणि घडण्याआधी कळणं किती अवघड. प्रत्येक आकडा एक ते दहा, तिघांचा गुणाकार जितका मोठा तितका धोका मोठा. विलायती बाभळीच्या काट्यानं पंक्चर, हे बिनविरोध झालं. वाळूत पुढचं चाक रुतणं, यावर उपायही लिहिला: टायरची हवा पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत उतरवायची, फूटरेस्टवर उभं राहायचं, वजन मागं टाकायचं आणि घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही, डांबरीवर आल्यावर हवा परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा पंप. अडलं ते ‘रस्त्यात उंट’ या ओळीवर. एवढा मोठा प्राणी लांबून दिसणारच, म्हणून पर्चेसनं तिसऱ्या रकान्यात एक मागितला. रात्री उंटाचं धड हेडलाइटच्या उजेडाच्या वर राहतं आणि खाली दिसतात ते नुसते चार खांब, तेही मातीच्या रंगाचे, म्हणून क्यूसीनं दहा धरला. पाऊण तास गेला. शेवटी रात्री गाडी चालवायचीच नाही असा ठराव झाला आणि उंट सुटला.

एवढं झाल्यावर पर्चेसनं परवानगीचे नियम वाचले. ते आधी वाचायला हवे होते असं आता कुणीही म्हणेल. पण आमच्याकडे कंप्लायन्सची सही नेहमी शेवटच्या पानावर असते.

नियम साधे होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित मुलूख. परवानगीशिवाय आत जायचं नाही, मनाला येईल तिथं गाडी घालायची नाही, आणि तंबूचं तर नाव काढू नका. शिवाय पलीकडे पाकिस्तानची हद्द, त्यामुळे पट्ट्यापट्ट्याचे वेगळे निर्बंध. सगळ्याचं मूळ एक पक्षी: माळढोक, तिकडचा गोडावण. उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, तेही मातीच्या रंगाचं. पंधरा पीएसआयच्या टायरखाली ते कळणारही नाही.

“डिटेक्शन दहा,” क्यूसी हळूच म्हणाला. त्यावर वाद झाला नाही.

खरं तर माळढोक आपल्याकडेही होताच. १९७९ साली सोलापूर-नगरकडे त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे राजस्थानातल्या त्या पार्कच्या अडीचपटीहून जास्त. कागदावर गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा सगळी अभयारण्यात. माणसं वैतागली, पुढं ते कापून १,२२२ वर आणलं. मधल्या काळात पक्षीच दिसेनासा होत गेला. ही गोष्ट विनोदी लेखात बसत नाही, पण मीटिंगमध्ये पर्चेसनं ती काढली आणि चहा गार झाला.

प्लॅन बदलला. पार्कबाहेर एका गावाच्या बाजूला मुक्काम, गाड्या गावकऱ्यांच्या वाटांनी त्यांना विचारून, आणि पार्कात परवानगी काढून जीपमधून, शहाण्यासारखं. पण कुठलाही नवा पार्ट थेट लाइनवर लावत नाहीत. आधी पायलट लॉट.

त्यासाठी वाळवंट जवळचं हवं. सह्याद्रीनं ती सोय करून ठेवली आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेला सरकलं की पाचशेच्या आसपास. तिथं बारामती तालुक्यात सुपे आहे, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. शेजारी मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर, चिंकारांसाठी. पर्चेसच्या मामांचं शेत तिथून जवळ. ग्रुपवर निरोप गेला: ‘शनिवारी संध्याकाळी सुपे.’

आम्ही तिघं चौफुल्यावरून वेळेत पोचलो. वाळूचा सराव कऱ्हेच्या कोरड्या पात्रात करायचा होता. पात्र कोरडं होतं, पण वाळू नव्हती. ती कधीच उपसून पुण्याकडे गेली होती. पर्चेसच्या वाकडच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्येही असेल थोडी. मामांच्या शेजारी बंगल्याचं काम चालू होतं, तिथं दोन ब्रास क्रशसँड पडली होती. क्यूसीनं शास्त्रानुसार हवा उतरवली, फूटरेस्टवर उभा राहिला आणि ढिगावर गाडी घातली. पुढचं चाक वर चढलं, मागचं जागच्या जागी फिरत एकेक घमेलं वाळू मागं फेकत राहिलं. ती सगळी गवंड्यानं कालवून ठेवलेल्या मालात पडली.

“दादा, सिमेंट तरी सांगून टाका किती घालायचं,” गवंडी म्हणाला.

स्टोव्हची ट्रायल मामींनी होऊ दिली नाही. “दारात येऊन नूडल्स खाणार? गाव काय म्हणंल?” बाजरीची भाकरी, पिठलं, खरडा. मी रकान्यात ‘नॉट डन’ लिहिलं आणि तिसरी भाकरी घेतली. तंबू मात्र अंगणात उभा राहिला. मामांचं कुत्रं आधी जाऊन झोपलं.

शेठचा पत्ता नव्हता. फोन लागला तेव्हा तो म्हणाला, “मी कधीचा पोचलोय सुप्याला. तुम्ही कुठल्या गेटला आहात?”

भोसरीच्या माणसाला सुपा एकच, पारनेर तालुक्यातला, नगर रोडवरचा. तिथं एमआयडीसी आहे. रानात मुक्कामाला निघालेला शेठ थेट औद्योगिक वसाहतीत जाऊन उभा होता, पाठीवर तंबू, डोक्यावर हेल्मेट, समोर सिक्युरिटी केबिन.

तो शिरूर, न्हावरा, चौफुला करत साडेदहाला आला. चेहरा उतरलेला असेल म्हणून आम्ही बोलणं जपून ठेवलं होतं. पण शेठ खुशीत होता. तिथल्या चहाच्या टपरीवर कुणी गाडीचा स्टँड पाहिला, तोच रिजेक्ट झालेला, आणि विचारलं, एवढं मजबूत काम कुठं होतं? बोलता बोलता ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं, सँपल ठरलं, ऑर्डरचा शब्द मिळाला.

“डिस्पॅच कधी?” मी विचारलं.

शेठनं भाकरीचा तुकडा खरड्यात फिरवला. “जानेवारी. तिसरा आठवडा.”

क्यूसीनं तिथंच मोबाइलवर एफएमईए उघडला आणि खाली नवी ओळ टाकली: ‘शेठला काम मिळणे’. गंभीरपणा दहा. वारंवारता एक, यावर शेठचा आक्षेप. पर्चेसचं लक्ष यादीकडे नव्हतंच. तो शेठच्या ताटाशी सरकून पुन:पुन्हा एकच विचारत होता, “रेट काय दिलास पण?”