उपनगरदर्शन: नवशिक्या प्रवाशांसाठी सूचना

युक्रेनमध्ये पाहुणा आला की भरतकाम केलेल्या टॉवेलवर गोल पाव आणि मीठ ठेवून त्याचं स्वागत करायची रीत आहे. या रीतीचा व्हिडिओ रात्री दीड वाजता पाहून ज्यांनी कीव आणि ल्विव्हच्या सहलीचे दर काढले होते, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. तो बेत तूर्त गुंडाळून ठेवा. 24 फेब्रुवारी 2022 ला तिथे युद्ध पेटलं आणि दोनच दिवसांनी तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन बुखारेस्टहून निघालेलं पहिलं विमान आपल्या सहारच्या विमानतळावर उतरलं. शहरं, खेडी, सण आणि ‘जेवूनच जा’ म्हणणारी माणसं एवढंच हवं असेल, तर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा टापू पुरेसा आहे. परदेशच पाहिजे असा हट्ट असेल तर तीही सोय आहे. 1957 पर्यंत बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हतेच. दक्षिण मुंबईतल्या काही मंडळींना ही हद्दवाढ अजून मान्य नाही.

पहिला धडा लोकलचा. बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्ट पकडू नये. ती बोरिवलीला थांबते, पण आतली जनता तुम्हाला उतरू देईलच असं नाही. ‘बोरिवली लोकल दिसली नाही का?’ हा प्रश्न आहे असं समजून खुलासे देत बसू नये. शिष्टसंमत पद्धत अशी: बरंच आधी उठायचं आणि पुढच्याला ‘बोरिवली?’ एवढंच विचारायचं. त्याने मान हलवली की तुम्ही रांगेत लागलात. उरलेलं काम मागची माणसं करतात. चौथ्या सीटसाठी तर तेवढंही बोलावं लागत नाही. बाकाजवळ उभं राहून ‘जरा...’ म्हटलं की तिघेही मोबाइलमधून डोकं वर न काढता बोटभर सरकतात. उपनगरी आदरातिथ्याचा हा पहिला नमुना. भरतकामाचा टॉवेल इथे नसतो. रुमाल असतो, तोही कुणीतरी जागा धरायला टाकलेला.

अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने जावं. 8 जून 2014 ला ती सुरू होईपर्यंत या दोन गावांचा संबंध मुख्यतः लग्नकार्यापुरता होता.

सीमातपासणी सोसायटीच्या गेटवर होते. वॉचमन वही पुढे करतो: नाव, फ्लॅट नंबर, कुठून आलात, वेळ. वरच्या माणसाने ‘अंधेरी’ लिहिलं असेल तर खाली नुसत्या दोन रेघोट्या मारायच्या. मुलुंडहून आलेल्यानेही तेच करावं. पानभर सगळे अंधेरीचेच असतात. वर गेल्यावर चहाला दोनदा नको म्हणावं, तिसऱ्यांदा ‘अर्धा कप चालेल’. कप भरून येतो, मागोमाग पोहे येतात. निघताना चपला घातल्यावर दारात होणाऱ्या गप्पांसाठी वीस मिनिटं वेगळी धरावीत. कुणाचं जमलं, कुणाचा फ्लॅट विकला, हे सगळं तिथेच कळतं.

आता खेडी. बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून होडीत बसलात की खाडीपलीकडे गोराई गाव. होडीत माणसांबरोबर स्कूटरही चढतात, कारण रस्त्याने जायचं तर भाईंदरला वळसा पडतो. पलीकडे गोराई, कुलवेम, मनोरी ही ईस्ट इंडियन आणि कोळी लोकांची गावं. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे घरासमोर क्रूस पाहून इंग्रजी सुरू करणं. आजी तुमचं पूर्ण ऐकून घेतात आणि मराठीत विचारतात, ‘कोणाकडं आलाव?’ ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. बोली मात्र मराठीच राहिली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, बायका लुगडी नेसतात. हे पाहायला होडीही लागत नाही. मेट्रोने मरोळला उतरलात तरी भागतं. लग्नाचं बोलावणं आलं तर आदल्या दिवशीच्या ‘उंबराच्या पाण्या’ला पोचावं, वाजतगाजत विहिरीवर जातात. जेवणात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, वाढतील, बॉटल मसाल्यातला रस्सा वाढतील. फुगे मागून घ्यावेत. मसाल्याची कृती विचारू नये. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं असतं, उन्हाळ्यात तो कुटून काळसर बाटल्यांत दाबून भरतात आणि तुम्ही फार खोदलंत तर आजींना ऐन वेळी कमी ऐकू येतं.

शाकाहारी मंडळींनी घाटकोपरची खाऊगल्ली गाठावी. तिथे डोशात चीज आणि नूडल्सपर्यंत सगळं मिळतं. साधा डोसा मागून कुणाला पेचात टाकू नये. मुलुंडचे रस्ते शंभर वर्षांपूर्वी काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे हरवण्याची मजा नाही. ती हवी असेल तर पंचरस्त्यावर उभं राहावं. ऑक्टोबर 2024 पासून मुलुंड चेकनाक्यावर छोट्या गाड्यांना टोलही नाही.

शेवटचा मुक्काम कान्हेरी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शंभराहून जास्त लेणी आहेत. दगडात कोरलेले ओटे, लेण्यालेण्याशी पाण्याची टाकी. आल्यागेल्याला बसायला जागा आणि प्यायला पाणी, ही सोय इथे बोरिवली स्टेशनच्या कितीतरी आधीपासून आहे. जंगलात वारल्यांचे पाडेही आहेत. त्यांच्या अंगणात न विचारता कॅमेरा घुसवू नका. तुमच्या हॉलमध्ये कुणी तसं केलं तर पहिला फोन सेक्रेटरीला जाईल.

आणि वार बघून निघा. पार्क सोमवारी बंद असतं.