पन्हाळा व्हाया सहारा

कोल्हापुरात माणसाला कसलाच नाद नसणं हे काळजीचं लक्षण मानतात. कुस्ती, पेठांचा फुटबॉल, कबुतरं, यांतलं काहीच नसेल तर घरचे हळूच देवऋषाचा पत्ता विचारायला लागतात. आमच्या घराण्यावर ही वेळ कधी आली नाही. सध्या आमच्या दाजींना आणि धाकट्या मावसभावाला मोटारसायकलींच्या तुलनेचा नाद आहे. मोटारसायकलींचा नव्हे, तो काय कुणालाही असतो. तुलनेचा. पुढची सगळी स्तुती या एका शब्दावर उभी आहे.

वाद असा, की लांबच्या पल्ल्याला ॲडव्हेंचर गाडी बरी की स्पोर्ट टूरर? ॲडव्हेंचर म्हणजे उंच, लांब टांगांची, पुढं 21 इंची चाक, खड्ड्यात घातली तरी हूं की चूं न करणारी. स्पोर्ट टूरर म्हणजे रेसची गाडीच, पण लग्न झालेली. हँडल जरा वर आलेलं, सीट मऊ, मागं बायकोला जागा आणि दोन्ही बाजूंना सामानाचे डबे.

आता लांबचा पल्ला म्हणजे किती? दाजींचा पन्हाळ्यापर्यंत, वीस किलोमीटर. भावाचा गगनबावड्यापर्यंत, पंचावन्न. एवढ्या अंतरासाठी कुठली गाडी घ्यावी, याचा अभ्यास त्यांनी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर तीन वर्षं केला. समोर म्हशीची धार निघतेय, हातात फेसाळ दुधाचा ग्लास आणि विषय सहाराच्या वाळूत टायरची हवा किती ठेवावी. वाळू प्रत्यक्षात शेजारच्या बांधकामाचीच होती. पण अभ्यासाला तेवढी पुरते.

शेवटी दोघांनी आपापल्या मतासारखी गाडी घेतली. भाऊ पतसंस्थेत कारकून, त्यानं हप्त्यावर हिमालयन घेतली. 452 सीसी, वजन 196 किलो, जमिनीपासून पोटापर्यंत 230 मिलिमीटर मोकळी जागा, सीटची उंची 825 मिलिमीटर. भावाची स्वतःची उंची पाच फूट चार इंच. सिग्नलला थांबला की एका पायाचा चवडा टेकतो, दुसरा पाय हवेत विचार करत राहतो. मग त्यानं उद्यमनगरातल्या लेथवर लोअरिंग लिंक करून घेतली आणि गाडी खाली बसवली. म्हणजे उंच गाडीचे पैसे दिले आणि ती बुटकी करायचे वेगळे दिले. व्यवहारी माणूस इथं हसेल. पण घर बांधल्यावर वास्तुशास्त्रवाल्याला बोलावून दार फोडतात, तेव्हा तो गप्प बसतो.

दाजींची शिरोलीत फाउंड्री आहे. त्यांनी निंजा 1000 एसएक्स घेतली, 1043 सीसी, चार सिलिंडर, 142 घोडे. दोन गाड्यांच्या किमतीत चौपटीचा फरक आहे, पण तो विषय चर्चेत दोघंही काढत नाहीत. खरी तुलना अशा क्षुल्लक गोष्टींच्या वरची असते. आता 142 घोड्यांचं करायचं काय? चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी 80 ची मर्यादा आहे. या गाडीच्या तोलामोलाचा रस्ता महाराष्ट्रात आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तिथं दुचाकीला बंदी. अटल सेतूवरही बंदी. घरचा पुणे-बंगळूर महामार्ग सहापदरी होतोय, त्यामुळं कराडच्या अलीकडं-पलीकडं डायव्हर्जन, सेवा रस्ता, पुन्हा डायव्हर्जन. दाजी पहिल्या गिअरमध्ये तिथून जातात तेव्हा बाकीचे पाच गिअर पेटीत ठेवलेल्या शालूसारखे जपून राहतात. मला हा संयम थोर वाटतो. एकेकाळी पैलवान पोसायचे ते काय रोज कुस्ती लावायला?

शहरात तर गोष्ट आणखी उंचीवर जाते. रविवारी संध्याकाळी महाद्वार रोडच्या गर्दीत सापडलं, की चार सिलिंडरची सगळी धग मांड्यांवर येते आणि पंखा भणभणायला लागतो. दाजी घामाघूम होतात आणि म्हणतात, "हायवेला ही अडचण येत नाही, भावा." बरोबर आहे. तांबड्या रश्शाची जळजळही फक्त खातानाच होते.

उसाच्या हंगामात दोघांच्या मतांना विशेष धार येते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना, गाणी लावून, रस्त्याच्या मधोमध चाललेला असतो आणि मागं पडलेला ऊस. भाऊ म्हणतो, "दाजी, बघा, इथं माझं सस्पेन्शन कामाला येतं." दाजी म्हणतात, "माझे ब्रेक." ट्रॅक्टरवाला कुणाचंच ऐकत नाही; आणि मागं अडकलेल्या दोन्ही गाड्यांचा वेग, मी घड्याळ लावून पाहिलंय, अगदी सारखा असतो.

या भांडणाला इतिहासही आहे, आणि गंमत म्हणजे ते लावणारी कंपनी एकच. बीएमडब्ल्यूनं 1976 साली आर 100 आरएस काढली. चालवणाऱ्याला वारा लागू नये म्हणून तिला पुढून पूर्ण कवच होतं. स्पोर्ट टूररचं कूळ तिथपर्यंत नेऊन भिडवता येतं. चार वर्षांनी, 1980 मध्ये, त्याच कंपनीनं आर 80 जी/एस आणली. त्या अक्षरांचा जर्मन अर्थ 'रान आणि रस्ता'. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओल बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकला आणि रस्ता सोडून जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. त्याआधी आपल्याकडं रस्ता सोडून जाणाऱ्याला लोक फक्त उचलायला धावत.

मध्यंतरी एका शहाण्या माणसानं या दोघांचा संसार मोडायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, कावासाकीनं हेच 1043 सीसीचं इंजिन व्हर्सिस 1000 नावाच्या उंच गाडीतही बसवलंय. दोन्ही सुखं एकाच गाडीत, मग भांडता कशाला? कट्ट्यावर शांतता पसरली. दाजींनी दुधाचा ग्लास खाली ठेवला. अशी गाडी घेतली तर रात्री जेवल्यावर बोलायचं काय, हा साधा प्रश्न त्या माणसाला पडला नव्हता. त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

बाकीच्या कोल्हापूरला या वादात एवढाच रस आहे की, "किती देते?" पन्हाळ्याच्या नाक्यावर, झुणका-भाकरीच्या गाड्यावर, पेट्रोल पंपावर, सगळीकडं हाच प्रश्न. दाजी आकडा सांगतात तेव्हा विचारणारा सांत्वनाला आल्यासारखी मान हलवतो.

पावसाळ्यात मात्र प्रश्न बदलतो. तेव्हा माणसं भेटल्यावर "किती फूट?" विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. तिथं ॲडव्हेंचर आणि स्पोर्ट टूरर यांच्यातला सगळा फरक मिटून फक्त बोट चालत होती. 2024 च्या जुलैमध्ये नदीनं पुन्हा 43 ओलांडले. भाऊ दुधाळीच्या बाजूला राहतो. पाणी, चिखल, दगडगोटे यांतून बिनधास्त जाण्यासाठीच घेतलेली त्याची गाडी, पातळी 39 वर गेल्याबरोबर टेम्पोत घालून राजारामपुरीत दाजींच्या पोर्चमध्ये आणली. दोरीनं बांधली होती, वर ताडपत्री. एवढा जिव्हाळा त्यानं कपाटाला दाखवला नव्हता.

पाच-सहा दिवस दोन्ही गाड्या पोर्चमध्ये खेटून उभ्या होत्या. लाईट जात-येत होती, मोबाईलला रेंज नव्हती. असा निवांतपणा तीन वर्षांत लाभला नव्हता. दोघांनी मधे खुर्च्या टाकल्या. साखळीचा ताण, टाकी 17 लिटरची बरी की 19 ची, पावसात कुठल्या टायरची पकड जास्त, सगळं पहिल्यापासून निघालं. पाऊस समोर पडतच होता, पण तो बघायला कुणाला वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी अक्का आतून म्हणाली, "दूध संपलंय. कुणीतरी जाऊन आणा."

दाजींनी निंजाकडं पाहिलं. ओल्या रस्त्यावर, खड्डे पाण्यानं भरलेले, पोट घासेल. भावानं हिमालयनकडं पाहिलं. ताडपत्री नीट बांधली होती, पुन्हा सोडायची म्हणजे गाठी नव्यानं मारायच्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि अक्काची ॲक्टिव्हा काढली. पुढं दाजी, मागं एका हातात किटली, दुसऱ्यात छत्री धरलेला भाऊ. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. उंच विंडशील्डचे फायदे तो दाजींना पुन्हा समजावून सांगत होता.