उणे एक

दुधनीतली निम्मी कर्जप्रकरणं माझ्या काचेवर उपडी पडून गेली आहेत. बाजारपेठेत माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आठ अ, आधार, पॅन, कोटेशन, जामीनदाराचा फोटो, सगळं माझ्या हाताखालून जातं. कोणाचा ट्रॅक्टर कुठल्या बँकेचा आणि कोणाची म्हैस कुठल्या पतसंस्थेची, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. मी स्वतः मात्र बावन्नाव्या वर्षापर्यंत कुणाकडून एक पैसा काढला नव्हता. याचं श्रेय अप्पांचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं एका अडत दुकानात दिवाणजी होते. तुरीच्या हंगामात दुधनीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अक्कलकोट तालुक्यातून माल येतो, तसा सीमेपलीकडून कर्नाटकातूनही येतो. शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई कापायची, पेरणीला दिलेली उचल वळती करायची, हे अप्पांचं काम. उचल कुणाला किती द्यायची हे सावकार अप्पांना विचारायचे आणि अप्पा वही न उघडता सांगायचे, "बाप सोन्यासारखा होता. पण हा जत्रेत फार दिसतो." झालं. त्या माणसाची त्या वर्षाची पत ठरली. अपील नाही.

इतरांच्या नावे रकमा टाकता टाकता अप्पांनी स्वतःपुरता एक नियम केला होता : आपण कुणाच्या वहीत 'नावे' पडायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळातही पडले नाहीत. आमच्याकडे माणूस अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं कानडीत बोलतो. कानडीत 'साल' म्हणजे कर्ज. अप्पा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "नंदु साल इल्ला." सोलापूरहून आलेल्या माझ्या मेहुण्यानं ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्याला वाटलं अप्पा त्याच्याबद्दलच काहीतरी बोलतायत. दोन दिवस तो जेवला नाही नीट.

तर असा हा स्वच्छ वारसा घेऊन मी बँकेत गेलो. झेरॉक्स मशीन म्हातारं झालं होतं. प्रत्येक प्रतीवर मधोमध काळी रेघ उमटायची. सातबाऱ्यावर ती उमटली की दोन भाऊ वाटणी झाल्यासारखे एकमेकांकडे बघायचे. नव्या मशीनला कर्ज हवं होतं. कुठल्या बँकेत गेलो ते सांगत नाही, गावात राहायचंय. तिथला साहेब म्हणजे माझ्याकडे दहावीची गाईडं घेणाऱ्या पोरांच्या वयाचा. त्यानं कीबोर्डवर काहीतरी वाजवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमचा उणे एक आहे."

मला वाटलं, खात्यात एक रुपया कमी पडलाय. मी खिशातून काढूनही दिला.

"पैसे नाही काका, सिबिल. उणे एक म्हणजे तुमची नोंदच नाही. तुम्ही कधी कर्ज घेतलेलं नाही, मग फेडाल की नाही हे कसं कळणार?"

अप्पांचं अख्खं आयुष्य त्यानं एका वाक्यात शून्याच्याही खाली नेऊन ठेवलं. ज्यांनी घेतलं आणि रडतखडत फेडलं ते सातशेच्या घरात. आम्ही घेतलंच नाही म्हणून उणे. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका. ते कात्रण घेऊन मी परत गेलो. साहेब म्हणाला, "नाकारत नाही काका. थांबवतोय."

सिबिल हा शब्द आता आमच्याकडे दुखण्याच्या नावासारखा घेतात. 'त्याचं सिबिल गेलं' असं सांगताना आवाज आपोआप खाली येतो. खरं तर ते एका कंपनीचं नाव. २००० साली ती निघाली, २००७ पासून माणसांना गुण देऊ लागली, ३०० ते ९००. म्हणजे शाळा सोडून गेलेल्यालाही ३०० फुकट. अशा कंपन्या देशात चार आहेत, पण बाकीच्या तिघींचं नाव कोणी घेत नाही. यात मला नवल वाटत नाही. झेरॉक्स हेही एका कंपनीचंच नाव, आणि माझं मशीन त्या कंपनीचं कधीच नव्हतं.

या आकड्याची दहशत किती, तर २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात ठरत आलेलं लग्न नवऱ्या मुलाचं सिबिल बघून मोडलं. मुलीच्या मामानं आग्रह धरला होता म्हणे. पत्रिका जुळली, सिबिल जुळलं नाही. पीककर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावल्याची बातमी त्याच वर्षी आली. झेरॉक्सवाल्याला सिबिल मागू नका असं मात्र कोणी बोललं नाही.

साहेबानंच उपाय सांगितला. पंचवीस हजारांची ठेव ठेवा, त्यावर वीस हजार लिमिटचं क्रेडिट कार्ड देतो. म्हणजे माझेच पैसे त्यांच्याकडे, त्यांनी मला माझ्याच पैशांच्या जिवावर उधार द्यायचं, मी ते वेळेवर फेडायचं, आणि मग मी भरवशाचा ठरणार. अप्पांना हे समजावताना तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "अडतीत असं केलं असतं तर मालकानं मला हाकललं असतं."

कार्ड आलं. हल्ली रुपे कार्ड मोबाईलला जोडलं की चहाच्या टपरीवरही स्कॅन होतं. मी पहिला व्यवहार केला दहा रुपयांच्या चहाचा. अप्पा बरोबर होते. चहा संपेपर्यंत गप्प बसले, मग कपाकडे बघत म्हणाले, "हा चहा बँकेचा का?" त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्या पैशाचा चहा घेतला नाही.

सहा महिन्यांनी आकडा उगवला. ७३१. रिपोर्टात माझे दोन पत्तेही होते. इंग्रजीत कुणी आमचं गाव 'ए' घालून लिहितो, कुणी न घालता. त्यामुळे कागदोपत्री माझी दोन गावांत दोन घरं झाली होती. ही बायकोला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, तरी सांगितली. दोन-तीन दिवस ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती.

वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपला आपण बघितला तर गुण कमी होत नाहीत. कमी होतात ते सावकारांनी बघितल्यावर. हे कळायला मला सोलापूर स्टेशनाबाहेर छत्री टाकून बसलेल्या पोरांकडे जावं लागलं. क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरला की पिशवी फुकट. मी एका दुपारी तीन फॉर्म भरले, तीन पिशव्या घेऊन घरी आलो. तिन्हीकडून नकार आला आणि तिघांनी विचारपूस केल्याची नोंद मात्र माझ्या रिपोर्टात राहिली. स्थळ तीन घरांतून परत आलं की चौथ्या घरचे विचारतातच, "काय भानगड आहे?"

खरा घोटाळा जूनमध्ये झाला. शाळा उघडायच्या आधी सोलापूरहून वह्या-कंपासांचा माल भरला, १८,४०० रुपयांचा, सगळा कार्डावर. बिल आलं. त्याच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत : किमान देय ९२० रुपये. बायको म्हणाली, "अहो, किती चांगले लोक आहेत. एवढंच भरा म्हणतायत." माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण घरात दिवाणजी होते. अप्पांनी चष्मा लावला, बिल उलटं केलं आणि मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचली. महिन्याला शेकडा साडेतीन. कागदाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीनं हिशेब मांडला : वर्षाला शेकडा बेचाळीस. वर त्या व्याजावर जीएसटी वेगळा. आणि एकदा का बाकी ठेवली, की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमचा सावकार देवमाणूस होता," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून सावकाराबद्दल चांगला शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी पूर्ण १८,४०० भरले. मुदतीच्या दोन दिवस आधी. छाती फुगवून महिन्यानं आकडा बघितला तर ७०२.

बँकेत धावलो. साहेब म्हणाला, "काका, लिमिट वीसचं आणि तुम्ही अठरा वापरलं. कंपनीला वाटतं माणूस अडचणीत आहे. तीस टक्क्यांच्या आत राहायचं."

"मग वीस दिलंत कशाला?"

तो हसला. मला आमची सासुरवाडी आठवली. सासूबाई दर वेळी म्हणतात, "राहा की जावईबापू चांगले महिनाभर." मी लग्नाच्या पहिल्या वर्षी खरंच नऊ दिवस राहिलो. दहाव्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. लिमिट हे तसंच असतं. ते आग्रहाचं असतं, राहायचं नसतं.

आता मला गोम कळली होती. बिल तयार झालं त्या दिवशी जी बाकी दिसते तीच साधारण वर कळवतात, आणि २०२५ मध्ये ही कळवाकळवी दर पंधरवड्याला होऊ लागली. म्हणून मोठा माल भरला की बिल निघायच्या आधीच बहुतेक रक्कम भरून टाकायची. दिव्याचं बिल, मोबाईलचा रिचार्ज, टोनर एवढंच कार्डावर. मी इतका नेमानं वागू लागलो की बायको एकदा म्हणाली, "लग्नाचा वाढदिवस एवढा ध्यानात ठेवला असता तर."

सिबिलचा एक फायदा मात्र कोणी सांगितला नव्हता. मावसभाऊ पिकअप गाडीसाठी जामीन मागायला आला. पूर्वी अशा वेळी 'अप्पांना विचारतो' म्हणून आम्ही दोन महिने काढायचो. या खेपेला सरळ सांगितलं, "अरे, जामीन राहिलो की ते कर्ज माझ्या रिपोर्टात दिसतं, तुझा हप्ता चुकला तर माझं सिबिल जातं." तो गंभीर झाला, मान हलवली, पाणी पिऊन गेला. राग नाही, रुसवा नाही. नात्यात नाही म्हणायला इतका सोज्वळ शब्द आपल्या भाषेत याआधी नव्हता.

दहा-अकरा महिन्यांनी आकडा ७६४ झाला. अप्पांनी विचारलं, "कितीपैकी?" म्हटलं नऊशेपैकी. म्हणाले, "फर्स्ट क्लास आहे की." मग जरा वेळानं, "माझे किती?" मी म्हटलं, उणे एक असणार. ते बराच वेळ बाजाराकडे बघत बसले. संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्या पैशाचा चहा घेतला.

साहेबानं या खेपेला खुर्ची दिली. मशीनचं कर्ज मंजूर होणार, फक्त फाइल पूर्ण करायची. आधार, पॅन, शॉप ॲक्ट, कोटेशन, ठेवीची पावती, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. "झेरॉक्स स्पष्ट हव्यात काका, काळी रेघ चालणार नाही."

दुकानात आलो. मशीननं पहिली प्रत अर्धी बाहेर सोडली, कण्हलं आणि थांबलं ते थांबलंच. शेवटी कागद घेऊन पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथल्या दुकानदाराशी माझं पंधरा वर्षं बोलणं नाही. माझ्या दुकानाशेजारी त्यानं एक रुपयात झेरॉक्सचा बोर्ड लावला होता तेव्हापासून. त्यानं कागदांवरून माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, मागच्या बाजू धरून चौदा प्रती काढल्या. स्वच्छ. एकीवर रेघ नाही. दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस. मी मोबाईल काढला तर त्याच्या दुकानात रेंज नाही, खिशात सुटे नाहीत, आणि त्याच्याकडे पाचशेची मोड नाही.

"इरलि बिडरी," तो म्हणाला, "आमेले कोडरी."

राहू द्या, मागाहून द्या. मी फाइल काखोटीला मारली आणि बँकेत गेलो. मशीन आलं, हप्ते सुरू झाले, एकही चुकलेला नाही. ते अठ्ठावीस रुपये अजून द्यायचे आहेत.