उज्जैनवाले नाना

पुण्यात बाहेरून आलेली माणसं दोन प्रकारची. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोदे इथून आलेली, आणि बाकीची. बाकीची माणसं वर्षा-दोन वर्षांत पुण्याला नावं ठेवायला लागतात, म्हणजेच पुणेकर होतात. पहिल्या प्रकारची माणसं पुण्याला नावं ठेवत नाहीत. ती फक्त एक दीर्घ उसासा सोडतात आणि म्हणतात, ‘आमच्याकडे...’

आमच्या सोसायटीत हा उसासा नानांचा. मध्य प्रदेश सरकारच्या पाणीपुरवठा खात्यातून नाना निवृत्त झाले, मुलानं कोथरूडला फ्लॅट घेतला आणि ते इकडे आले. दारावरच्या पाटीवर आडनाव आहे, पण वाण्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ‘उज्जैनवाले नाना’च म्हणतात. नानांना ते पदवीसारखं वाटतं.

उज्जैनमध्ये ते माधव नगरात राहायचे. हे नाव पाकिटावर लिहायचं, बोलताना फ्रीगंज. शिंदे सरकारांनी स्टेशनाच्या बाजूला नवी वस्ती बसवली, तिला माधवरावांचं नाव दिलं, व्यापाऱ्यांनी यावं म्हणून कर माफ केला, म्हणून फ्रीगंज, असं नाना सांगतात. त्या माफीची सवय अजून सुटलेली नाही, असं काकू सांगतात. सोसायटीचा मेंटेनन्स नानांकडून दर तिमाहीला मागून घ्यावा लागतो.

माळव्यातल्या प्रत्येक मराठी कुटुंबाप्रमाणे नानांचं घराणंही राणोजी शिंद्यांबरोबर तिकडे गेलेलं. राणोजींच्या फौजेत नुसते कारभारी आणि फडणीसच असावेत, कारण आपला पूर्वज साधा शिपाई होता असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दिवाण रामचंद्रबाबांनी अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा बांधलं, त्या बांधकामाचा हिशेब आमच्याच घरात लिहिला जायचा, असं नाना एकदा म्हणाले. काकूंनी कोथिंबीर निवडता निवडता वर न बघता सांगितलं, ‘यांचे आजोबा विनोद मिलमध्ये कारकून होते.’ ज्या गावात विनोदाची अख्खी मिल होती तिथला माणूस असं बोलणं मनावर घेत नाही. नानांनी विषय दौलतरावांवर नेला. १८१० साली त्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, ते नानांना अजून पटलेलं नाही.

नानांना सन कळत नाही, सिंहस्थ कळतो. थोरली मुलगी ८० च्या सिंहस्थानंतरची, मुलगा ९२ च्या आधीचा, निवृत्ती २००४ च्या धामधुमीतली, गुडघ्याचं ऑपरेशन २०१६ चा मेळा आटोपल्यावर. मधल्या बारा-बारा वर्षांत त्यांच्या आयुष्यात काही घडलेलंच नाही. पासबुक हरवलं तेव्हा बँकेत ‘खातं कधी उघडलं?’ असं विचारल्यावर नाना म्हणाले, ‘साधू निघून गेले होते, तंबू काढून राहिले होते, तेव्हा.’

हे ‘काढून राहिले होते’ त्यांच्या मराठीचा खास बाज. रिक्षा मिळत नाही, ‘भेटून जाते’. पुण्यातला भाजीवाला त्यांचं एक वाक्य ऐकतो आणि हिंदी सुरू करतो. तिथं नाना दुखावतात. साठ वर्षं हिंदी मुलखात मराठी जपली, गणेशोत्सवात मुलांकडून मराठी नाटकं बसवून घेतली, दिवाळी अंक पोस्टानं मागवले, ते काय मंडईत ‘कितना दूँ अंकल’ ऐकायला? अशा वेळी ते मुक्तिबोधांना बोलावतात. मुक्तिबोध उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकले. घर मराठी, गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीतले. ‘एका घरानं दोन भाषा श्रीमंत केल्या,’ नाना सांगतात. काकू म्हणतात, ‘आमच्या घरानं दोन्ही एकाच वाक्यात वापरून टाकल्या.’

वेळेच्या बाबतीत मात्र नानांशी वाद घालू नये. सोसायटीची मीटिंग सहाला असली की ते सहा सत्तावीसला येतात. पंचवीसला नाही, तीसला नाही. एकदा सेक्रेटरींनी हटकलं तेव्हा नानांनी खिशातून पेन काढून अजेंड्याच्या मागे गणित मांडलं. आपल्या जुन्या ज्योतिषांची शून्य रेखा उज्जैनवरून जायची. सवाई जयसिंगानं तिथं वेधशाळा उगाच बांधली नाही. मग इंग्रज आले आणि भारताची घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाला बांधली गेली. उज्जैन पावणेशहात्तरवर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे उज्जैनचा सूर्य घड्याळाच्या सत्तावीस मिनिटं मागे. ‘मी वेळेवरच येतो,’ नाना म्हणाले, ‘तुमचं घड्याळ मिर्झापूरचं आहे.’

सेक्रेटरी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, ‘नाना, पुणं उज्जैनच्याही पश्चिमेला आहे. तुमच्या हिशेबानं आम्ही पस्तीस मिनिटं उशिरा यायला हवं.’

‘मग या ना! आमच्याकडे कुणी अडवलं नसतं.’

नानांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बाटली असते. होमिओपॅथीच्या गोळ्यांची वाटते, असतं जिरावन. माळव्यात पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मंडळी येणार होती आणि मुलीकडचं वडीलधारं माणूस म्हणून नानांना बसवलं होतं. पोहे आले. ओलं खोबरं, लिंबाची फोड, सगळं रीतसर. मुलीच्या आईनं ‘घ्या ना’ म्हणायच्या आत नानांनी बाटली काढून स्वतःच्या बशीवर झटकली आणि आतल्या दाराकडे बघून विचारलं, ‘शेव नाही? बरं, जिलबी?’

खोलीत शांतता पसरली. मुलाच्या आईनं विचारलं, ‘हे मुलीचे कोण?’ नाना म्हणाले, ‘शेजारी,’ आणि समजावून सांगायला बसले. पोहे कढईत परतून झाकून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आमच्या उज्जैनच्या टॉवरपाशी बघा, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांचा ढीग, वाफेवर सकाळभर मऊ. फोडणीत बडीशेप हवीच. वर शेव, कच्चा कांदा, जिरावन, आणि बाजूला गरम जिलबी. एक घास तिखट, एक गोड. इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा एकदम म्हणाला, ‘काका, थोडं मला द्या ना.’ तो इंदूरला इंजिनिअरिंग करून आलेला निघाला. पुढे तासभर त्या दोघांचंच बोलणं चाललं. इंदूरचे पोहे खरे की उज्जैनचे यावर थोडं भांडणही झालं. मुलगी आतून दोनदा डोकावून गेली. मंडळी उठली तेव्हा नानांना मुलगा पसंत होता आणि मुलाला नाना. लग्न झालं. नाश्त्याला पोहे-जिलबी होती, आणि नानांनी त्यांतही खोट काढलीच.

मला नानांचं खरं नवल वाटतं ते त्रासांच्या आठवणींचं. आमच्याकडे टँकर आला की सगळे वैतागतात, नाना हरखतात. गंभीर धरण आटलं की उज्जैनला पाणी एक दिवसाआड यायचं. आणि ते सोडणाऱ्या खात्यात नाना स्वतः! मोहल्ला त्यांच्या दारात येऊन शिव्या द्यायचा. ‘पण काय आपलेपणानं द्यायचे!’ शिप्रेची तीच गत. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उपसून शिप्रेत सोडतात, हे नानांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मुठेच्या पुलावरून जाताना ते नाक धरून म्हणतात, ‘नदी असावी तर शिप्रा.’

उज्जैनमध्ये असताना हेच नाना कसे होते, हे काकूंनी एकदा सांगितलं. तिथं त्यांना पुण्याचा ध्यास. ‘आमच्याकडे पुण्याला अशी भाषणं होतात’, ‘आमच्याकडे भाकरवडी अशी मिळते’. तेव्हा ते पुण्यात एकंदर आठ दिवस राहिलेले होते, तेही एका लग्नाला.

परवाच्या हिवाळ्यात नाना उज्जैनला जाऊन आले. फ्रीगंजातलं घर त्यांनी पुण्याला येताना विकलं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोकचं उद्घाटन झालं, यात्रेकरूंचा पूर लोटला, आणि ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या तो लॉजवाला झाला. नानांचं घरही त्यात गेलं. नानांनी तिथंच खोली घेतली. पैसे भरून. त्यांच्याच निजायच्या खोलीला आता एकशे दोन नंबर आहे. काउंटरवरच्या पोरानं आधार कार्ड मागितलं आणि ‘पहली बार आये हैं, अंकल?’ असं विचारलं. नानांनी त्याला न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो हे सांगितलं, गच्चीचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही हे सांगितलं, आणि देवघराच्या जागी ठेवलेलं बुटांचं कपाट त्याच्याकडून हलवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पोरानं दार वाजवलं. चेकआउट. नाना म्हणाले, सत्तावीस मिनिटं थांब.

तिथं मित्र भेटले. काकू सांगतात, टॉवरपाशी बसून नानांनी पोहे मागवले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे पुण्याला यावर ओलं खोबरं घालतात.’

आता २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय. नानांनी सगळ्या सोसायटीला आमंत्रण देऊन टाकलंय. कुठे उतरायचं, असं कुणी विचारलं की रागावतात. ‘आपलंच घर आहे!’ गेल्या आठवड्यात त्यांनी लॉजला फोन लावला, स्पीकरवर, आम्ही सगळे बाजूला. मेळ्यात भाव चौपट, मॅनेजर म्हणाला. नानांनी सांगितलं, मी जुना मालक. तिकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग मॅनेजरनं अत्यंत अदबीनं विचारलं, ‘अंकल, वो गच्ची के दरवाज़े का कुछ करवा दीजिए ना.’

नाना पुढच्या महिन्यात सुतार घेऊन जाणार आहेत.