भाऊसाहेबांची छाननी

तालुक्याच्या कोर्टात दोन प्रकारचे हुकूम चालतात, साहेबांचे आणि भाऊसाहेबांचे. साहेबांच्या हुकमावर जिल्ह्याला अपील करता येतं. भाऊसाहेबांनी दाव्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं ‘त्रुटी’ असं लिहिलं की संपलं. त्याला अपील नाही, पुनर्विलोकन नाही. फार तर चहा पाजून मुदत मागून घ्यायची.

भाऊसाहेब हे नाव नव्हे, हुद्दा आहे. तलाठ्यापासून कोर्टातल्या कारकुनापर्यंत, ज्याच्या टेबलावर आपला कागद अडू शकतो त्या प्रत्येकाला आपल्याकडचा पक्षकार भाऊसाहेबच म्हणतो. आमचे भाऊसाहेब दिवाणी फायलिंगच्या टेबलावर बसतात. डाव्या हाताला दाभण, उजव्या हाताला दोऱ्याचं रीळ, समोर गोल शिक्का, आणि या तिघांनी जरा सरकून नाइलाजानं जागा करून दिलेला संगणक.

छाननी हा त्यांचा धर्म. वकीलपत्रावर वेल्फेअरचं तिकीट आहे का, पत्त्याची पुरसिस जोडली का, कागद यादीच्या क्रमानं लावलेत का, समास पुरेसा सुटलाय का, एवढंच ते बघतात. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. “दावा खरा का खोटा ते साहेब बघतील. तुम्ही आधी पान नंबर टाका.” एकदा शीर्षकात वादीच्या नावाला ‘राव’ होतं आणि प्रतिज्ञापत्रात नव्हतं, म्हणून दावा परत आला. वकील काकुळतीला आले. “भाऊसाहेब, तोच माणूस आहे हो, हा काय तुमच्यापुढं उभा!” भाऊसाहेबांनी वादीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “माणूस नका दाखवू. कागद दाखवा.”

अशा माणसाच्या टेबलावर ई-कोर्ट आलं. हा प्रकल्प २००७ साली सुरू झाला. पहिला टप्पा, दुसरा टप्पा असं करत २०२३ मध्ये तिसरा टप्पा मंजूर झाला, चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपयांचा. बातमी वाचून भाऊसाहेबांनी पेपरची घडी घातली आणि दोऱ्याच्या रिळाच्या मागणीपत्राला अजून उत्तर आलं नसल्याची आठवण नाझरांना करून दिली.

आता कुणाला वाटेल, त्यांनी संगणकाला विरोध केला असेल. छे! विरोध करणारा कारकून कच्चा. तो आज ना उद्या दमतो किंवा बदली होऊन जातो. भाऊसाहेबांनी प्रत्येक सुधारणेचं स्वागत केलं आणि तिच्या नावानं एकेक नवं रजिस्टर उघडलं. संगणकात काय नोंदवलं त्याचं एक रजिस्टर. लाइट कधी गेली, कधी आली, त्याचं दुसरं. सर्व्हर बंद असल्याचं तिसरं, आणि त्याला ‘शेरा’ असा रकाना, ज्यात ते दरवेळी ‘कारण समजले नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहितात. जिल्ह्याहून सिस्टिम ऑफिसर आले, तेव्हा वयानं मुलासारख्या त्या पोराला ‘सर, सर’ करत त्यांनी ही तिन्ही रजिस्टरं दाखवली आणि सही घेतली. कशाबद्दल सही केली, ते सरांना अजून कळलेलं नाही.

ई-फायलिंगचा प्रवास तर बघण्यासारखा. वकिलानं दावा टाइप करायचा, छापायचा, सह्या करून स्कॅन करायचा आणि पोर्टलवर चढवायचा. तो भाऊसाहेबांच्या पडद्यावर उमटला की ते निरोप धाडतात, “छापील प्रत आणा.” “अहो, पण तुमच्यासमोर दिसतोय की!” “दिसतोय. पण शिक्का कुठं मारू?” मग छापील दावा येतो, त्याला पोचपावतीची प्रिंट जोडली जाते, दाभणानं भोकं पडतात, दोरा ओवला जातो. नंतर कनिष्ठ लिपिक असलेली एक मुलगी तो पुन्हा स्कॅन करते. कागद, पडदा, कागद, पडदा अशी चार ठिकाणी हजेरी लावल्यावर भाऊसाहेबांच्या लेखी दावा ‘दाखल’ होतो. कागदाची बचत हा या योजनेचा हेतू आहे, असं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलंय. तो तक्ताही भाऊसाहेबांनीच लावलाय.

प्रत्येक दाव्याला आता सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. राज्य, जिल्हा, कोर्ट, मग अनुक्रमांक, शेवटी साल. मोबाइलवर तो टाकला की दाव्याची सगळी कुंडली निघते. तारखेचा मेसेजही परस्पर जातो. पूर्वी माणूस एस.टी.नं येऊन विचारायचा, “भाऊसाहेब, पुढची तारीख काय?” आता मेसेज येतो. माणूस तरीही एस.टी.नं येतो आणि मोबाइल पुढं करून विचारतो, “भाऊसाहेब, हे खरं का?” भाऊसाहेब चष्मा चढवतात, मेसेज वाचतात, रजिस्टर उघडून बोट फिरवतात आणि म्हणतात, “बरोबर आहे.” मग तो निर्धास्त होऊन परतीची गाडी धरतो.

नंबर विसरला तर नावानं शोधता येतं. येतं, म्हणजे यायला हवं. नोंदी करताना कुणी ज्ञानोबाला इंग्रजी डीमध्ये बसवलंय, कुणी जीमध्ये, तर एका उत्साही माणसानं जेमध्ये. मुलगी बिचारी सगळे ज्ञानोबा धुंडाळून दमते. शेवटी भाऊसाहेब शिक्का खाली ठेवतात. “दोघं भाऊ ना? बांधावरच्या आंब्याचं? निशाणी पाचवर मनाई मिळाली होती. खिडकीजवळचं कपाट, वरून दुसरा कप्पा.” दावा तिथंच असतो. मुलीकडे न बघता ते पुन्हा शिक्का उचलतात. या न बघण्यात जेवढी फुशारकी असते तेवढी मी भल्याभल्यांच्या भाषणांत पाहिलेली नाही.

बेलीफलाही फोन मिळाला. समन्स बजावायला गेल्याची नोंद आता जागेवरूनच होते, ठिकाणासकट. ‘घरास कुलूप, इसम परगावी’ हा शेरा चहाच्या टपरीवर बसून लिहायची सोय गेली. भाऊसाहेबांना यात गैर काही दिसत नाही. नकाशाची प्रिंट काढून अहवालाला टाचली म्हणजे झालं.

त्यांना खरोखर बोचते ती नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड. २०१५ पासून ती सगळ्यांना खुली आहे. कुठल्या जिल्ह्यात किती दावे तुंबलेत, त्यांतले पाच वर्षांवरचे किती, दहावरचे किती, घरबसल्या कुणीही मोजावं. ज्या दाव्याला पुढची तारीख लागलेली नाही, तोही वेगळा काढून दाखवला जातो. “पूर्वी दाव्याला जरा विश्रांती मिळायची,” भाऊसाहेब म्हणतात. “दोन्ही पार्ट्या दमलेल्या असायच्या. फाइल कपाटामागं पडली की गावात समेट व्हायचा. आता निजलेल्याला हलवून उठवतात.” हे समर्थन कायद्यात बसत नाही. पण कपाटामागं मिटलेली भांडणं कुठल्याही ग्रिडवर दिसायची नाहीत, हेही तितकंच खरं.

त्यांच्या दोऱ्या-शिक्क्याला हसणं सोपं आहे. पण मूळ खरेदीखत फायलीतून गहाळ झालं तर चौकशी सर्व्हरची होत नाही, टेबलावरच्या माणसाची होते. जुन्या निकाली कामांचं स्कॅनिंग सुरू झालं तेव्हा ठेकेदाराची पोरं सटासट दोरे कापायला लागली. भाऊसाहेब खुर्ची घेऊन तिथंच बसले. पानं मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि प्रत्येक फाइल जुन्याच भोकांतून पुन्हा शिवायचे. एका फायलीत एक पान कमी भरलं, तर मशीनचं झाकण उघडून आत अडकलेलं पान काढेपर्यंत त्यांनी कुणाला जेवायला सोडलं नाही.

येत्या वर्षात ते निवृत्त होतायत. पेन्शनचं प्रकरण महालेखापालांकडे गेलं आणि परत आलं. सेवापुस्तकात नावाला ‘राव’ आहे, बँकेच्या पासबुकात नाही. बातमी बार रूममध्ये पोचली आणि ज्यांचा दावा परत आला होता ते वकील मुद्दाम सांत्वनाला आले. भाऊसाहेब त्रुटीपत्र हातात धरून दुसऱ्यांदा वाचत होते, चेहरा असा की मुलाला नोकरीचा कॉल आलाय.

“बघा वकीलसाहेब,” ते म्हणाले, “याला म्हणतात छाननी! इतक्या लांबून पकडलं.” आणि मुलीकडे वळून, “याच्या दोन झेरॉक्स काढ गं बाई. आणि ते आवक रजिस्टर दे इकडं. आधी नंबर टाकू, मग बघू पूर्ततेचं.”